शिक्षेवर भांडतो, नुकसानीचं कुणी विचारत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपर हातात आला की मी आधी वाचकांची पत्रं वाचते आणि मग पहिलं पान, जुनी खोड आहे. हल्ली त्यात एक प्रकार सारखा दिसतो. कुठे गाडीने कुणाला उडवलं, शाळेत पोरांनी मारामारी केली, सोसायटीत कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली, की दोन दिवसांत दोन पार्ट्या तयार. एक म्हणणार कडक शिक्षा करा, जरब बसली पाहिजे, पोलीस काय झोपा काढतात का. दुसरी म्हणणार अहो वय लहान आहे, चुकलं असेल, सुधारायची संधी द्या. आठवडाभर हेच चालतं आणि मग नवीन विषय येतो. मला दोन्ही पार्ट्यांना एकच विचारायचंय, ज्याचं नुकसान झालं त्याला कुणी जाऊन विचारलं का, की बाबा रे तुला काय पाहिजे? सगळी चर्चा नुकसान करणाऱ्याभोवती फिरते, त्याला आत टाका नाहीतर त्याला माफ करा. ज्याचं गेलं तो फक्त बातमीच्या दुसऱ्या ओळीत, नाव आणि वय एवढाच.

पुण्याचं कल्याणीनगरचं प्रकरण घ्या. १९ मे २०२४ ची पहाट, १७ वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, आणि मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण आयटी इंजिनियर जिवानिशी गेले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अटींमध्ये एक होती ३०० शब्दांचा निबंध. त्या निबंधावर काय काय मीम आले ते सगळ्यांनी बघितलंय, राग बरोबरच होता. पण मला त्यात वेगळीच गोष्ट खटकली. निबंधाचा विषय काय, तर रस्ते अपघात, त्याचे परिणाम आणि उपाय. म्हणजे दहावीच्या पेपरात येतो तसा विषय! ज्या दोन घरांमधली कमावती पोरं गेली त्या घरांचं नाव नाही, त्यांच्या आईबापांना काय सांगायचं होतं ते ऐकून घे असं कुठे नाही. त्या जामिनाला लोकांनी 'सुधारणावादी कायदा' म्हणून झोडपलं, मी म्हणते तो सुधारणावाद पण नव्हता, ती नुसती सुटका होती. आणि उलट त्या मुलाला लगेच आत टाकला असता तरी त्या आईबापांना विचारलं गेलंच असतं असं काही नाही.

(इथेच सांगून ठेवते, दोन माणसं गेली ते प्रकरण समोरासमोर बसून मिटवा असं माझं अजिबात म्हणणं नाही, उगाच त्यावरून पत्रं येतील.)

जगात काही ठिकाणी हा हिशोब दुसऱ्या टोकाने सुरू करतात. आधी विचारतात नुकसान कुणाचं झालं, मग विचारतात त्याला काय हवंय, आणि मग विचारतात ते भरून द्यायची जबाबदारी कुणाची. हॉवर्ड झेर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हे असं सोपं करून मांडलं, त्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात, मराठीत पुनर्स्थापक न्याय असं जडजंबाल नाव दिलंय, नावाचं जाऊ दे. सुरुवात कशी झाली ती ऐकण्यासारखी आहे. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये एल्मायरा नावाचं छोटंसं गाव, साल १९७४, दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली, गाड्यांचे टायर फाडले, खिडक्यांच्या काचा फोडल्या, दिसेल ते मोडलं. सापडले. गुन्हा कबूल. आता नेहमीप्रमाणे दंड नाहीतर जेल. पण मार्क यान्त्झी म्हणून एक प्रोबेशन ऑफिसर होता, त्याने कोर्टाला सुचवलं की ह्या दोघांना त्या घरांच्या दारात नेऊन उभं केलं तर? कोर्ट हे मानेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं म्हणे. पण कोर्टाने मानलं. मग ती दोघं दारोदार गेली, बेल वाजवायची, समोर जो येईल त्याला सांगायचं की तुमची काच फोडणारे ते आम्ही, आणि किती खर्च आला ते विचारून लिहून घ्यायचं. कुणी शिव्या घातल्या असतील, कुणी दार लावून घेतलं असेल, आपण कल्पनाच करू शकतो. काही महिन्यांत त्यांनी पैसे फेडले. त्यातला एक जण पुढे मोठेपणी शिकायला गेला तर वर्गात हीच केस सांगितली जात होती, त्याचीच! आणि नंतर तो स्वतः त्याच कामात पडला.

न्यूझीलंडने तर १९८९ मध्ये लहान मुलांच्या गुन्ह्यांसाठी कायदाच केला. तिथल्या माओरी लोकांचं दुखणं असं होतं की आमची पोरं कोर्ट आणि सुधारगृहवाले उचलून नेतात आणि घरच्यांना कुणी विचारत नाही. म्हणून तिथे आता पोराचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं तो, पोलीस आणि एक मध्यस्थ असे एकत्र बसतात, फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स म्हणतात त्याला, आणि काय भरून द्यायचं ते तिथे ठरतं. मध्ये थोडा वेळ कुटुंबाला एकटं सोडतात, घरात बोलून या म्हणून, हे मला फार आवडलं, कारण आपल्याकडे बाप चारचौघात पोराला झोडपून मोकळा होतो ते लाजेपोटी, एकट्यात वेगळं बोलला असता. खून आणि मनुष्यवध यातून बाहेर ठेवलेत. म्हणजे 'गुन्हेगारांचे लाड' वगैरे जे म्हणतात तसं काही नाही.

आणि उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठाने सरकारसाठी अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात अशा बैठकीत बसलेल्या पीडितांपैकी ८५ टक्के लोक समाधानी निघाले, आणि पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी घटलं. १४ टक्के काही चमत्कार नाही, ज्यांना वाटतं की पोरगा समोर बसवला की रडून लगेच साधू होतो त्यांनी हा आकडा बघावा. पण मला त्यातला ८५ जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कोर्टातून केस जिंकून बाहेर पडलेल्या १०० माणसांना विचारा समाधान झालं का, बघा किती हात वर येतात.

आता कुणी म्हणेल मॅडम हे काय नवीन सांगताय, आपल्याकडे पूर्वीपासून पारावर बसून मिटवतात की. मिटवतात ना, तीच तर अडचण आहे. आपल्याला मिटवायची भारी घाई. झालं गेलं गंगेला मिळालं, पडती बाजू घे, मोठा ना तू, शेजारधर्म बघ, कोर्टाची पायरी कशाला, एक चहा पाजला, हातात हात दिला, फोटो काढला, संपलं. आणि पडती बाजू कोण घेतं? बहुतेक वेळा ज्याचं गेलंय तोच, कारण तो गरीब असतो किंवा बाई असते किंवा धाकटा असतो. समोरच्याने काय भरून दिलं ते विचाराल तर काहीच नाही. भांडणाचा आवाज बंद झाला म्हणजे आपल्या दृष्टीने न्याय झाला.

आपल्या सरकारने हे गावपातळीवर करून बघितलंय. आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना चांगलीच होती, मी आजही म्हणते. ग्रामसभेने समिती निवडायची, बांधाचे, वाटेचे, भावकीचे, किरकोळ हाणामारीचे जे तंटे कायद्याने तडजोड करता येण्यासारखे आहेत ते गावातच मिटवायचे, पोलीस स्टेशन आणि कोर्टावरचा भार कमी. कितीतरी ठिकाणी खरंच मिटले, वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ बोलायला लागले, विदर्भात तर समितीने प्रेमी जोडप्याचं लग्न लावून दिलं अशी बातमी दर महिन्याला असायची. पण त्याला जोडलं बक्षीस आणि बक्षिसाला जोडले गुण. मग काय होणार, किती तंटे दाखल, किती निकाली, रजिस्टर भरा. आकडा वाढवायचा म्हटल्यावर ज्याच्यावर जोर चालतो त्याच्यावर चालवायचा, सही कर बाबा गावाचं बक्षीस जातंय. हे मी ऐकीव सांगत नाही, तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

तरी त्याच पद्धतीतून कधी कधी सोनं निघतं ते पण सांगते. आमच्या भागातली दोन चुलत भावांची गोष्ट, नावं गावं नको. एकाने जेसीबी लावून रान सपाट करताना मधला बांध कोरला आणि बांधावरचा आंबाही पाडला, तो दुसऱ्याच्या वडिलांनी लावलेला. मग व्हायचं तेच, शिवीगाळ, पोलिसांत एनसी, मोजणीचा अर्ज, तारखा. समितीने बसवलं, जमिनीचं मोजणीवर सोडू आणि झाडाचे पैसे घे म्हणाले, आकडा वाढवत वाढवत नेला, पण ज्याचा आंबा गेला तो म्हातारा काही ऐकेना. सगळे म्हणायला लागले हट्टी आहे, ह्याला मिटवायचंच नाही. शेवटी समितीत एक रिटायर्ड तलाठी होते त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, पैसे नको तर नको, पण तुला पाहिजे तरी काय? तर तो म्हणाला, ह्या झाडाची पहिली पाटी दरवर्षी बहिणीकडे जाते, माझे वडील असल्यापासून, आता मी काय पाठवू? एवढंच होतं ते! एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं, सगळे लाकडाचा आणि फळाचा हिशोब करत बसले होते. मग ठरलं असं की नवीन कलम लावायचं ते जेसीबीवाल्याने, उन्हाळ्यात पाणी त्यानेच घालायचं, आणि त्याला फळ धरेपर्यंत दरवर्षी स्वतःच्या झाडाची पहिली पाटी त्याने स्वतः बहिणीच्या घरी नेऊन द्यायची, गड्याबरोबर पाठवायची नाही. बहीण त्याचीही चुलत बहीणच की. पहिल्या वर्षी तिने म्हणे त्याला बराच वेळ दारातच उभा ठेवला आणि मनात होतं ते सगळं बोलून घेतलं, मग पाणी विचारलं. मोजणीचं प्रकरण आपलं अजून चालूच आहे, ते काही सुटलं नाही. पण पाटी जाते.

आता शाळेचं. मी माध्यमिक शाळेत भाषा शिकवली, रिटायर झाले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. शाळेत शिस्तीची आपली पद्धत ठरलेली, छडी कायद्याने बंद झाली तर आता पालकांना घेऊन ये, प्रार्थनेला समोर उभा कर, 'पुन्हा असे करणार नाही' शंभर वेळा लिही. आणि त्याहून सोपं म्हणजे सॉरी म्हण. पोरांना पाचवीतच कळतं की सॉरी म्हटलं की सुटका, मान खाली घालून एका दमात सॉरीमॅडम म्हणतात आणि बाकावर जाऊन हसतात. घरात पण तेच, दोन भावंडं भांडली की आई म्हणते चल सॉरी म्हण तिला, आणि ज्याचं खेळणं मोडलं त्याला म्हणते ती सॉरी म्हणाली ना आता बस झालं. म्हणजे बघा, मोडलं तिने, आणि गप्प बसायची जबाबदारी त्याची!

आठवीच्या वर्गातली एक मुलगी, एलिमेंटरी ड्रॉईंगच्या परीक्षेला बसलेली, हात चांगला होता तिचा. वर्गातल्या दोघा मुलांनी मधल्या सुट्टीत तिच्या सगळ्या सरावाच्या शीटवर पाणी ओतलं. रंग एकमेकांत गेले, कागद फुगले, ती ते हातात घेऊन नुसती उभी. कारण काय तर हिने आमची चहाडी केली असा त्यांचा समज, जी तिने केलीच नव्हती. कार्यालयातून नेहमीचा निरोप निघायच्या आत ड्रॉईंगचे सर मध्ये पडले, म्हणाले थांबा, मला एक तास द्या. त्यांनी आधी मुलीला एकटीला विचारलं की ह्यांच्यासमोर बसायला तू तयार आहेस का, नसशील तरी चालेल, कोण तुला काही म्हणणार नाही. तिने मैत्रिणीला घेऊन बसते म्हटलं. मग सरांनी त्या दोघांना कारण विचारलंच नाही आधी, त्या शीट कधी कधी काढल्या ते तिला सांगायला लावलं. ती म्हणाली घरी संध्याकाळी पाणी भरायचं असतं, धाकट्याला सांभाळायचं असतं, सगळे झोपल्यावर ओट्यावर पेपर टाकून काढल्यात. मी तिथे होते. त्या दोघांतल्या एकाचा चेहरा बघण्यासारखा झाला, दुसरा खिडकीबाहेर बघत होता, खोटं कशाला सांगू.

मग सरांनी विचारलं, तुला काय पाहिजे. मला वाटलं म्हणेल ह्यांना काढा वर्गातून. ती म्हणाली सॉरी नको. एक, मी चहाडी केली नव्हती हे ह्यांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगायचं, कारण आता सगळी मुलं माझ्याशी बोलत नाहीत. दोन, शीट आणून द्यायच्या. आणि तिसरं जे तिने मागितलं ते आम्हा एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं नसतं, ती म्हणाली माझी वर्ग झाडायची पाळी परीक्षा होईपर्यंत ह्यांनी करायची म्हणजे मला शाळा सुटल्यावर तेवढा वेळ इथेच बसून काढता येईल. पाणी ओतून गेलेला वेळच तिला परत पाहिजे होता, तेरा वर्षांच्या पोरीने बरोबर हिशोब मांडला. पुढे सगळं गोड झालं असं नाही हं. एकाने नेमाने केलं, शेवटी शेवटी तर तिचे ब्रश पण धुऊन द्यायचा. दुसऱ्याचा बाप शाळेत येऊन मोठमोठ्याने बोलला की माझा पोरगा झाडू मारणार नाही, हवं तर शीटचे दुप्पट पैसे घ्या. शाळेनेही मग फार ताणलं नाही. त्याचं राहिलंच. पण वर्गात उभं राहून सांगायचं काम दोघांनीही केलं, आणि मुलं तिच्याशी बोलायला लागली. शंभर वेळा लिहून यातलं काय झालं असतं सांगा.

शहरातल्या सोसायट्यांचं तर विचारूच नका. पोरांच्या बॉलने पहिल्या मजल्यावरच्या आजींची काच फुटली, लगेच कमिटीची मीटिंग, ग्रुपवर शंभर मेसेज, निकाल काय तर 'क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई' बोर्ड. आजींना काच कोण बसवून देणार हा मुद्दा अजेंड्यावरच नाही, तो सुताराचा नंबर त्यांनीच शोधायचा. वर पोरं आजींकडे बघून नाकं मुरडतात, ह्यांच्यामुळे खेळ बंद झाला.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा, कारण माझ्यावर टीका व्हायची असेल तर इथेच होईल. समोरासमोर बसवणं हे औषध सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. नवरा मारतो म्हणून बाई तक्रार घेऊन जाते तर आधी तिलाच समजूत घालतात, संसार आहे, लेकरं आहेत, मिटवून घे. ते मी वर म्हणतेय ते नव्हे! जी बाई रात्री त्याच घरात परत जाणार आहे तिला त्याच्यासमोर बसवून 'तुला काय पाहिजे' विचारणं हा क्रूरपणा आहे, ती खरं बोलूच शकत नाही. तसंच ॲट्रॉसिटीची केस मागे घे म्हणून गावकी बसते तेव्हा. ज्याची मजुरी, पाणी, येण्याजाण्याची वाट समोरच्याच्या हातात आहे त्याची सही ही सही नसते. अशा ठिकाणी पोलीस आणि कोर्ट हेच आधी, बाकी सगळं नंतर, आणि तेही तिने किंवा त्याने स्वतः मागितलं तरच.

आणि समाज एकत्र बसला की न्याय होतो असंही नाही, जातपंचायती आपण बघितल्यात. तिथेही सगळे गोल करूनच बसतात की. दंड लावतात, तो पंच खातात, आणि जिच्यावर अन्याय झाला तिलाच वाळीत टाकतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिसने) २०१३ पासून जातपंचायतीला मूठमाती द्यायची मोहीम चालवली, त्याच्या रेट्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा झाला, असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. तेव्हा पारावरची जुनी पद्धत किती छान होती असे उमाळे मला येत नाहीत. फरक साधा आहे, बसायला नाही म्हणायची मोकळीक आहे का, नाही म्हटल्यावर कोर्टाचा रस्ता उघडा राहतो का, आणि मध्ये बसलेला माणूस दोघांपैकी कुणाचा सोयरा किंवा कुणाच्या उपकारात आहे का. यातलं एक जरी बिघडलं तरी ती मांडवली झाली.

मोठ्या पातळीवर सुद्धा हीच गफलत होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला, जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, लोकांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर आपलं दुःख सांगितलं. पण ज्यांनी छळ केला आणि खरं कबूल केलं त्यांना माफी आयोगाचं काम चालू असतानाच मिळत गेली, आणि ज्यांचे पोरगे गेले त्यांना सरकारी भरपाई २००३ साली जाहीर झाली, एकरकमी ३० हजार रँड, आयोगाने सुचवली होती त्यापेक्षा कितीतरी कमी. टुटूंसारखा माणूस असताना जर असं होतं तर आपल्या समितीच्या अध्यक्षांचं काय घेऊन बसलात.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात सामुदायिक सेवा ही शिक्षा पहिल्यांदा आली. ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर जेलऐवजी सामुदायिक सेवा. हे चांगलं पाऊल आहे, निदान माल परत कर असं कायदा म्हणायला लागला. पण सेवा कुणाची? कोर्ट सांगेल ते समाजाच्या उपयोगाचं काम, म्हणजे कुठेतरी बाग साफ कर, हॉस्पिटलात मदत कर. ज्या टपरीवाल्याचा गल्ला गेला, त्या दिवशी ज्याला उधारीवर दूध आणावं लागलं, त्याला विचारायची सोय त्यात नाही. न्यायाधीशांनी विचारलं तर त्यांना कुणी अडवत नाही, पण विचाराच असंही कुठे लिहिलेलं नाही.

मला वाटतं हे आपल्या गोष्टींतूनच आलंय. वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. नारद भेटले, घरच्यांनी पापात वाटा नाकारला, हा तपाला बसला, अंगावर वारूळ चढलं, शेवटी मोठा ऋषी झाला. एकदा एका पोराने विचारलं, मॅडम त्या रांजणातल्या खड्यांचं काय झालं? मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक खडा टाकायचा ना तो, सात रांजण भरले होते म्हणतात. मी म्हटलं म्हणजे काय, तर म्हणे त्या माणसांच्या घरचे नंतर वाल्मीकींकडे आले का कधी? मी त्याला काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, वेळ मारून नेली असेल काहीतरी. पण खरंच, पश्चात्ताप आपल्याकडे भरपूर, रांजणाकडे कुणी फिरकत नाही.

असो, पत्र लांबलं. मागणं दोनच आहे, एक सरकारकडे आणि एक तुमच्याकडे. तंटामुक्त समित्या बऱ्याच गावांत कागदावर का होईना अजून आहेत, त्यांच्या रजिस्टरमध्ये तंटा मिटला की नाही याचा रकाना आहेच, त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने पाडा: ज्याचं नुकसान झालं त्याने काय मागितलं, आणि सहा महिन्यांनी ते मिळालेलं होतं का. त्याची सही त्या दुसऱ्या रकान्यात घ्या, मिटवलं त्या दिवशी नको, त्या दिवशी सगळे डोक्यावर बसलेले असतात. बाल न्याय मंडळाला आणि सामुदायिक सेवा सुनावणाऱ्या कोर्टालाही हे दोन प्रश्न विचारायला काही वेगळा कायदा लागेल असं मला वाटत नाही.

आणि तुमच्याकडे असं की 'तंटामुक्त समिती अध्यक्षपदी अमुक यांची बिनविरोध निवड' ही बातमी तुम्ही हार-गुलालाच्या फोटोसकट छापता, छापा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच गावात वर्षभराने तुमचा वार्ताहर पुन्हा पाठवा, अध्यक्षांकडे नाही, ज्याचं गेलं होतं त्याच्या घरी, आणि तो काय म्हणतो ते तेवढ्याच जागेत छापा. फोटो नसला तरी चालेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कराड